आकडा: तारेच्या खांबापासून घरच्या राऊटरपर्यंत

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली भरकट थोडी काढलीय, थोडी मुद्दाम ठेवलीय.

आज आधी एक छोटं काम करा. घरातला इंटरनेटचा डबा, म्हणजे आपला राऊटर, जरा फिरवा आणि त्याची पाठ बघा. तिथे चौकोनी खाचा दिसतील, बऱ्याचदा पिवळ्या. कुठे चार, कुठे दोन, फायबरच्या काही डब्यांना एकच. या खाचांना लॅन पोर्ट म्हणतात. तुमच्या वाय-फायला पासवर्ड आहे, तो पाहुण्यांनाही विचारावा लागतो. पण या खाचेत कुणी वायर खुपसली तर राऊटर काय विचारतो?

काहीच नाही. दोन-चार सेकंदांत तो समोरच्या लॅपटॉपला घरातला एक पत्ता देतो आणि नेट सुरू. नाव नाही, पासवर्ड नाही, "कोण आपण?" नाही.

म्हणजे पुढच्या दाराला लॅच, साखळी, पीपहोल सगळं. आणि मागचं दार उघडं. हे असं का, तर कंपन्यांचा आळस एवढं एकच उत्तर पुरत नाही. यामागे जवळपास पावणेदोनशे वर्षांची सवय आहे. जो वायरीपर्यंत पोचला तो आपलाच माणूस, असं धरून चालायची सवय. ती कुठून आली आणि तिने कुणाकुणाला गोत्यात आणलं, ते आज बघू. आपण नाशिककरांना हे आत्ता का कळायला हवं, तेही शेवटाकडे येईलच.

सुरुवात तारेपासून. व्हॉट्सॲपच्या जमान्यातल्या मुलांना "तार आली" या दोन शब्दांची भीती सांगून कळायची नाही. तार म्हणजे बहुतेकदा कुणीतरी गेलं. आपल्याकडची ही सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण सुरुवात झाली ती १८५० च्या सुमाराला. विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरने कलकत्त्याजवळ पहिली लाइन टाकली. डॉक्टर बरं का, इंजिनिअर नाही! १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली आणि सामान्य माणूस पैसे भरून संदेश पाठवू लागला.

आता ही तार होती कशी? खांबावर ताणलेली उघडी धातूची तार. शेकडो मैल. जंगलातून, घाटातून, शेताच्या बांधावरून. तिच्यातून वीज जाते, थांबते, परत जाते, आणि त्या लयीत संदेश असतो. ज्याच्याकडे तारयंत्र आहे आणि ज्याला ती कट-कड-कट लिपी येते, त्याने मध्येच खांबावर चढून आपलं यंत्र जोडलं की झालं. तारेला कळत नाही की ऐकणारा टोकाला बसलाय की मध्येच.

अमेरिकेत हे फार लवकर घडलं. तिथल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या तारांना यंत्रं जोडून ऐकत होते, खोटे संदेशही सोडत होते. कॅलिफोर्नियाने १८६२ मध्येच तार चोरून ऐकण्याविरुद्ध कायदा केला. आणि १८६४ मध्ये त्या कायद्याखाली पकडला गेला तो गुप्तहेर नव्हता. तो होता शेअर दलाल! कंपन्यांच्या तारा ऐकायच्या आणि ती माहिती शेअरवाल्यांना विकायची, हा त्याचा धंदा.

दलालच का, हे मुंबईकडे बघितलं की लगेच समजतं. त्याच यादवी युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलचा भाव ज्याला आधी कळेल तो श्रीमंत. प्रेमचंद रायचंद यांच्याबद्दल सांगतात की जहाज बंदराला लागायच्या आधीच त्यांच्या छोट्या होड्या समुद्रात जाऊन भावाची बातमी घेऊन यायच्या. मुंबईच्या विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. म्हणजे तारेतून जे जात होतं ते नुसते शब्द नव्हते, पैसा होता.

व्यापाऱ्यांनी यावर उपाय काढला तो आजही आपल्या खिशात आहे. तारेला कुलूप घालता येत नाही ना? मग संदेशालाच घाला. सांकेतिक शब्दांची पुस्तकं निघाली. एका साध्या शब्दाचा अर्थ "इतक्या गाठी या भावाने विका". शब्द कमी म्हणून पैसेही वाचायचे आणि मधल्या माणसाला काही कळायचं नाही. तुमच्या बँकेच्या ॲपमधून जे जातं ते असंच संकेतात जातं, फक्त गणित फार पुढे गेलंय. हा धागा लक्षात ठेवा, त्याचा एक मोठा फायदा आहे आणि एक मोठी मर्यादा.

सरकारने दुसरा मार्ग धरला: कायदा. १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्यात तारघरात परवानगीशिवाय घुसणं गुन्हा, संदेशात काय आहे हे बेकायदा जाणून घ्यायचा प्रयत्न गुन्हा, आणि कलम २५ प्रमाणे संदेश अडवण्यासाठी किंवा त्यातला मजकूर जाणून घेण्यासाठी तारेला, यंत्राला हात लावणं गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि कलम ५? त्याने ऐकण्याचा हक्क सरकारने स्वतःसाठी राखून ठेवला. साहेबाचं कुलूप, किल्ली साहेबाकडेच. (साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या मंडळींनी १९४२ नंतर तारा ऐकायच्या भानगडीत न पडता सरळ तोडल्याच, तो वेगळा एपिसोड.)

माझ्या मते या कायद्यातली गोम ही: तार स्वतः कुणाला ओळखत नाही, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं. ओळखायचं काम पोलिसांवर आणि कोर्टावर सोडलं. वायर भोळीच राहिली.

मग आला टेलिफोन. मुंबईत १८८२ पासून एक्स्चेंज. सुरुवातीला मधे माणूस बसायचा. तुम्ही फोन उचलायचा, ऑपरेटरला नंबर सांगायचा, तो खुंटी लावून जोडणार. त्याला वाटलं तर तो ऐकणारही. ट्रंक कॉलच्या काळात लोक मुद्द्याचं सोडून मोघम बोलायचे त्याचं एक कारण हेच. हा मधला माणूस काढून टाकणारं यंत्र ज्याने केलं त्या अमेरिकन ॲल्मन स्ट्रोजरची गोष्ट मजेदार आहे. तो अंत्यविधीचं सामान पुरवायचा. त्याला संशय होता की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाला जोडून देतात. असं सांगतात बुवा, पण १८९१ चं पेटंट मात्र पक्कं आहे. भारतात दोन शहरांमध्ये ऑपरेटरशिवाय थेट फोन, म्हणजे एसटीडी, १९६० मध्ये कानपूर-लखनौ असा सुरू झाला.

आणि एसटीडी आलं तशी घराघरात नवी काळजी आली: बिल. फोन होता हॉलमध्ये, आणि हॉल सगळ्यांचा. शेजारी, भाडेकरू, दुकानातला पोऱ्या, पुतण्या. लोकांनी काय केलं? फोनच्या गोल चकतीला कुलूप लावलं. तुमच्या आजोबांना विचारा. चकतीच्या भोकात बसणारं एक बोटभर कुलूप मिळायचं, ते लावलं की चकती फिरायचीच नाही. काहींनी तर फोनला लाकडी पेटीच केली होती. आलेला फोन घेता येणार, लावता येणार नाही.

पण पोरं हुशार! चकती फिरते तेव्हा नेमकं होतं काय? पाच फिरवला की लाइन पाच वेळा क्षणभर तुटते. शून्य फिरवला की दहा वेळा. एक्स्चेंज हे तुटणं मोजतं, बस्स. आणि रिसीव्हर ठेवायचा जो खटका असतो, तोही लाइन तोडायचंच काम करतो. मग कुलूप तसंच राहू दे, खटका टकटक वाजवायचा. पाचसाठी पाच टिचक्या, थोडं थांबायचं, मग पुढचा आकडा. हात बसला की मुंबईचा नंबरसुद्धा लागायचा. कुलूप चकतीला होतं, लाइनला नव्हतंच.

मला या सगळ्या इतिहासात हे कुलूप सगळ्यात आवडतं, कारण आपलं आजचं वाय-फायचं कुलूप अगदी तिथेच बसलंय. जे दिसतं, ज्याला हात लागतो, त्याला आपण कुलूप घालतो. आणि चोरी होते ती जोडणीतून.

फोनच्या बाबतीत ती घराबाहेरूनही व्हायची. तुमची लाइन घरापासून खांबावरच्या किंवा गल्लीतल्या डीपी बॉक्समध्ये जायची. त्याचं झाकण अनेकदा लटकलेलं. दोन चिमटे आणि एक साधा फोन असला की तुमच्या लाइनवरून दुबईला बोलता यायचं, आणि बिल तुमच्या घरी. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: कॉल तुमच्याच नंबरवरून झालाय. वायर कुणाला ओळखत नाही म्हटल्यावर, जे काही वायरीवरून गेलं ते तुमचंच! यावरचा खरा इलाज आला तो एक्स्चेंजमध्ये. आकड्यांचा गुप्त कोड टाकून एसटीडी बंद-चालू करायची सोय मिळाली. म्हणजे कुलूप यंत्रावरून उठून जोडणीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तेव्हा कुठे खटका वाजवणाऱ्यांचा खेळ बंद झाला.

कोर्टातही वायरीचा प्रश्न गेला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रातूनच. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप झाला. लाचलुचपत खात्याच्या लोकांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरच्या फोनला, त्याच्या संमतीने, टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टिपलं. कॉरोनरचे वकील म्हणाले, हा तर तार कायद्याच्या कलम २५ चा भंग! सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तो मुद्दा फेटाळला. फोनवर बोलणाऱ्यानेच दुसऱ्याला ऐकू दिलं, तर तो ऐकणारा या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही. वायरीला काय जोडलं यापेक्षा कुणाच्या परवानगीने जोडलं, याला वजन आलं.

आता मराठीतला या विषयाचा सगळ्यात नेमका शब्द: आकडा. वीजचोरीचा आकडा. वाकवलेली तार बांबूला बांधून वरच्या लाइनवर अडकवली की घरात दिवा. यातही कायद्याची गंमत झाली होती. वीज ही काही उचलून नेता येणारी वस्तू नाही, मग तिची चोरी कशी म्हणायची? म्हणून १९१० च्या वीज कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं की लबाडीने वीज वापरली तर ती चोरीच समजावी.

आणि १९९१ चं आखाती युद्ध टीव्हीवर बघायला मिळाल्यानंतर केबल आली, तसा आकडा केबलवरही आला. गच्चीवरून जाणाऱ्या केबलला एक स्प्लिटर लावला की शेजारचं घरही फुकटात मालिका बघणार. केबलवाल्याला पत्ता लागायचा तो चित्रात मुंग्या दिसायला लागल्या की. पण ही केबलची जाळी महत्त्वाची आहे. गच्ची ते गच्ची, झाडावरून, खांबावरून. याच वाटेने पुढे आपल्या घरात इंटरनेट आलं.

पण आधी एक फेरी अमेरिकेला, कारण तुमच्या राऊटरमागची ती खाच तिथे जन्मली. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफने इथरनेटची कल्पना कागदावर मांडली. ऑफिसमधून एक जाड केबल फिरवायची आणि सगळे संगणक तिलाच जोडायचे. एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जाणार, ज्याचं असेल त्याने घ्यावं. आणि जोडायचं कसं? केबलला शिकंजा लावायचा, त्याची सुई आवरण भोसकून आतल्या तारेला टेकायची. तिकडे त्याला व्हॅम्पायर टॅप म्हणायचे, रक्तपिपाशाचा दात. आपल्या भाषेत सांगायचं तर आकडाच! इथरनेटमध्ये आकडा टाकणं हीच अधिकृत पद्धत होती.

त्यात चूक काही नव्हती. प्रयोगशाळा बंद, आतले सगळे ओळखीचे, दाराशी पहारेकरी. वायरीपर्यंत पोचलेला माणूस म्हणजे कर्मचारीच. आपल्या नाशिकरोडच्या नोट छापखान्यासारखं समजा. तिथे आतल्या यंत्राला पासवर्ड नसला तरी बाहेरची भिंत आणि झडती असते. घोळ तेव्हा झाला जेव्हा ही भिंतीच्या भरवशावरची रचना भिंतीशिवाय आपल्या जिन्यात आली. मोठ्या कंपन्यांना हे कळलं होतं. २००१ मध्ये ८०२.१एक्स नावाचं मानक आलं: वायर लावली तरी आधी ओळख पटवा, मग पोर्ट उघडेल. मोठ्या ऑफिसांमध्ये, कॉलेजांमध्ये ते वापरतात. घरच्या स्वस्त डब्यात ते साधारणपणे नसतं, कारण घराला भिंत आहे असं गृहीत धरलंय.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि १९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना दार उघडलं. तेव्हा नेट तासांवर विकत मिळायचं. आणि जे तासांवर मिळतं ते चोरीलाही जातं. २००० साली दिल्लीत एका लष्करी अधिकाऱ्याचे तास असेच उडाले. घरी नेट सुरू करून द्यायला आलेल्या माणसाकडे त्यांचं लॉगिन राहिलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा तेव्हा लागूच झाला नव्हता. पोलिसांनी गुन्हा लावला तो चोरीचा, आणि सोबत १८८५ च्या तार कायद्याचं कलम २५! खांबावरच्या तारेसाठी केलेलं कलम ११५ वर्षांनी इंटरनेटच्या तासांना लागलं.

मग केबलवाल्याचं नेट आलं. ज्यांचं कॉलेज २००० नंतरच्या दहा वर्षांत झालं त्यांना आठवेल. गच्चीवरून निळी-करडी वायर खिडकीतून आत, आणि जिन्यात मीटरच्या शेजारी एका पत्र्याच्या डब्यात स्विच. सगळी बिल्डिंग, कधीकधी सगळी गल्ली, एकाच जाळ्यात. संगणकावर "नेटवर्क नेबरहूड" उघडलं की शेजारच्या काकांचा संगणक नावासकट दिसायचा, आणि त्यांनी फोल्डर उघडा ठेवला असेल तर आतली लग्नाच्या फोटोंची सीडीसुद्धा. आपण सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

केबलवाल्यांना मात्र आकड्याची भीती होतीच, धंदा होता त्यांचा. त्यांनी मॅक बांधायला सुरुवात केली. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला बारा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, तो मॅक पत्ता. तुमचा क्रमांक नोंदवला की त्याच संगणकावर नेट. ऐकायला भक्कम वाटतं. पण हा क्रमांक संगणक स्वतःच सांगतो, आणि संगणकाला खोटं बोलायला शिकवता येतं. पोरांनी मॅक बदलायची युक्ती शोधायला आठवडाही लागला नाही. पुन्हा चकतीवरचं कुलूप! शेवटी बऱ्याच ठिकाणी वायर लागल्यावर नाव-पासवर्ड विचारणारी पद्धत रुळली, पीपीपीओई म्हणतात ती. आजही तुमच्या फायबरच्या डब्यात ती असू शकते. पण नीट बघा, ती विचारणा कंपनी आणि राऊटर यांच्यामध्ये आहे. म्हणजे कंपनीने तिचं दार लावून घेतलं. राऊटर आणि आपलं घर यांच्यातलं दार आपल्यावर सोडलं.

हे दार उघडं राहिलं तर काय होतं ते महाराष्ट्राने २००८ मध्ये बघितलं. २६ जुलै २००८, अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ई-मेल गेला. तपास करणाऱ्यांनी तो ज्या इंटरनेट पत्त्यावरून गेला तो शोधला, आणि तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या भाड्याच्या घरी. एटीएस त्याच्या दारात. संगणक ताब्यात, चौकशीवर चौकशी. त्या माणसाविरुद्ध काही सापडलं नाही. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या ई-मेलसाठी माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांची जोडणी अशीच वापरली गेली. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत फिरले आणि दूरसंचार खात्यानेही वाय-फाय बंदिस्त करण्याच्या सूचना काढल्या.

तेव्हा मधे आलेला तो संकेताचा धागा इथे जोडा. आज तुमच्या जाळ्यात कुणी शिरला तरी तुमचा बँकेचा पासवर्ड सहजासहजी वाचू शकत नाही, कारण संदेशाला कुलूप आहे. हा फायदा. मर्यादा ही की त्याला तुमचं काही वाचायचंच नसेल तर? त्याला फक्त तुमच्या पत्त्यावरून काहीतरी करायचं असेल तर? बाहेरच्या जगाला घरातली सगळी यंत्रं मिळून एकच पत्ता दिसतो, आणि तो कुणाच्या नावावर आहे हे कंपनीच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. एसटीडी बिलावर जे उत्तर मिळायचं तेच: तुमच्याच नंबरवरून झालंय. फरक एवढाच की आता हातात बिल नाही, पोलिसांची नोटीस येते.

२००८ चा धडा आपण अर्धाच घेतला. वाय-फायला पासवर्ड घातले. वायरीचं कुणी बोललंच नाही, कारण बातमी वाय-फायची होती.

आता आपलं नाशिक. २०२६-२७ चा सिंहस्थ आलाय. पंचवटीत, त्र्यंबकला, गंगापूर रोडला घरांतल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची तयारी चाललीय, आणि "फ्री वाय-फाय" हा पाटीवरचा ठरलेला शब्द. सिडकोत खाली मालक, वर दोन मजले भाडेकरू, कनेक्शन एक. कॉलेज रोडला एका फ्लॅटमध्ये सहा पोरं, त्यातली दोन दर सहा महिन्यांनी बदलणार. राऊटर कुठे? हॉलमध्ये, टीव्हीखाली. "घराची भिंत" हे गृहीतक इथे सपशेल पडतं.

आणि पाहुण्याला गेस्ट वाय-फाय वेगळं काढून दिलंत तरी ते वेगळेपण हवेतल्या जोडणीपुरतं असतं. त्याने तीच पिवळी खाच वापरली तर तो साधारणपणे घरच्या मुख्य जाळ्यात येतो. तिथून राऊटरचं सेटिंगचं पान एका पत्त्यावर उघडतं, अनेकदा १९२.१६८.१.१, आणि त्याचा पासवर्ड डब्याच्या खाली स्टिकरवर छापलेला. तोही बदललेला नसला तर? २०१७ च्या जुलैत बीएसएनएलची हजारो मोडेम एका व्हायरसने बंद पाडली, ती कंपनीचाच मूळ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. तिथे तर हल्लेखोर घरात नव्हताच.

म्हणून मी सांगीन, पहिलं काम या पानाचा पासवर्ड बदलण्याचं, वाय-फायपेक्षा वेगळा ठेवून. त्याच पानावर आत लॅनच्या भागात बऱ्याच डब्यांना एकेक पोर्ट बंद करायची सोय असते. टीव्हीची एक वायर सोडून बाकीचे बंद करा. काही कंपन्या हे पान ग्राहकाला पूर्ण उघडून देत नाहीत; मग त्यांच्या माणसाला फोन करून बंद करून घ्या. तेही नाही जमलं तर खाचेत बसणारी प्लॅस्टिकची छोटी कुलपं मिळतात, पन्नास वर्षांपूर्वीच्या फोनच्या कुलपाची नातवंडंच ती. चिकाटीच्या माणसाला ती थांबवणार नाहीत, सहज हात घालणाऱ्याला थांबवतील. मॅक गाळणीवर मात्र विसंबू नका, तिची गोष्ट वर झालीच.

मागे एक टाचणीचं भोक असतं, रीसेटचं. ते दाबलं की तुमचे सगळे पासवर्ड पुसून स्टिकरवरचे परत येतात. यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. डबा पाहुण्यांच्या खोलीतून काढून तुमच्या खोलीत किंवा कुलपाच्या, हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवणं हाच इलाज. फायबरच्या काही डब्यांत रीसेट झालं की नेटच बंद पडतं, तेव्हा निदान कळतं तरी.

आणि एक वायर अशी आहे जी कुणाच्याच ध्यानात नसते: गेटवरच्या कॅमेऱ्याची. बंगल्याबाहेर भिंतीवर कॅमेरा, त्याची लॅनची वायर थेट आतल्या राऊटरला. रात्री कुणी स्टुलावर चढून ती वायर कॅमेऱ्यातून काढून लॅपटॉपला लावली, की तो रस्त्यावर उभा राहून तुमच्या घरात आहे. चोर पकडायला लावलेली वायर! ती कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्याच्या मागच्या पोर्टमध्ये लावून घ्या, राऊटरला नाही. ज्या डब्यांना कॅमेऱ्यांसाठी स्वतःची पोर्ट असतात, ते कॅमेऱ्यांचं जाळं सहसा वेगळं ठेवतात.

कायदा आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८८५ च्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही दूरसंचार जाळ्यात बेकायदा शिरणं गुन्हा आहे. पण तो कामी येतो आकडा सापडल्यावर.

शेवटी सिडकोतल्या एका श्रोत्याचा प्रश्न. ते म्हणतात, "वरच्या भाडेकरूला आमच्या राऊटरमधून वायर दिलीय, पण त्याला त्याचा वेगळा राऊटर लावून दिलाय. म्हणजे आम्ही सुरक्षित ना?" दादा, उलटं आहे. दुसरा राऊटर त्याच्या मागे बसलेल्याला वाचवतो. म्हणजे तुमच्यापासून भाडेकरू सुरक्षित आहे! तो मात्र त्याच्या राऊटरमधून तुमच्या जाळ्यात येऊ शकतो. तुमचा प्रिंटर, कॅमेरा, राऊटरचं पान, सगळं त्याच्या वाटेत आहे. सरळ उपाय म्हणजे त्याने स्वतःच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्यावं. दर महिन्याचे काहीशे रुपये जातील, पण त्याने जे केलं ते त्याच्या पत्त्यावर जाईल. तुमच्या कंपनीच्या अटीही एकदा वाचा, कनेक्शन असं वाटून द्यायला त्या बहुधा मनाई करतात. आणि तोवर चालवायचंच असेल तर तीन डबे लागतील: फायबरच्या डब्यातून फक्त दोन वायरी, एक तुमच्या राऊटरला, एक त्याच्या. तुमची सगळी यंत्रं तुमच्या राऊटरमागे. फायबरच्या डब्याचं वाय-फाय बंद, पासवर्ड बदललेला, उरलेले पोर्ट बंद, आणि तो डबा खालच्या मजल्यावर, तुमच्या कुलपात.